खांद्याएवढा

ऱ्हॉन्डाच्या उतारावर, ग्वेनलियन प्रॉसरबाईंच्या घरात
फ्यूजचा डबा दाराच्या वर, पार छतालगत.
एकोणपन्नास वर्षं इद्रिस स्टुलावर चढायचा,
ती खालून बॅटरी धरायची
आणि म्हणायची, पडशील.

आता स्टूल आहे, बॅटरी आहे.
गुडघा नाही म्हणतो.
"खांद्याएवढा खाली आण," ती मला म्हणाली,
"अंधारात हाताला लागला पाहिजे."

मेन बंद केला. फ्रिजची घरघर थांबली
तेव्हा कळलं, ती चालू होती.
झाकणाच्या आत त्याच्या अक्षरात चिठ्ठ्या:
स्वयंपाकघर. जिना. गीझर.
शेवटच्या फ्यूजवर नुसतंच: राहू दे.

ती तार धरून मी मागे मागे गेलो,
भिंतीतून, कोळशाच्या कोठीतून, परसातल्या चढावर
कबुतरांच्या रिकाम्या खुराड्यापर्यंत.
आत एक बल्ब, पिसं चिकटलेला.
"पाखरं तर केव्हाच विकली," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.

जुन्या तारा खाली पोचेनात.
वरच जोड दिले, त्यावर पांढरं झाकण.
भिंतीवर डब्याचा चौकोन उरला,
बाकीच्या रंगाहून उजळ.

"खुराड्याची तार तोडू ना?"
तिने चहा ओतला, साखर विचारलीच नाही.
नव्या चिठ्ठ्या मी लिहिल्या.
शेवटची तिने माझ्या हातातून घेतली,
चष्म्याशिवाय, वाकडीतिकडी लिहिली
आणि बटण स्वतःच वर केलं.

परसाकडे तिने पाहिलं नाही.
मी पाहिलं.