दहा किलोच्या आत

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला
मी एकवीस वर्षं बसतो.
केळीची गाडी येते, आकडा थरथरून थांबतो,
मी पावती फाडतो, गाडी दिल्लीला जाते.
मी कुठंच गेलो नव्हतो.
म्हणजे बऱ्हाणपूर. म्हणजे एकदा सुरत,
मेव्हण्याच्या साखरपुड्याला.

मग सुरतेहून बँकॉकचं स्वस्त विमान निघालं,
तीन रात्री, जाऊन-येऊन,
आणि नेमकी भिशी माझी लागली.

सोबत फक्त सात किलो न्यायचं होतं.
बॅग काट्यावर ठेवली. शून्य.
सुभान तडवी हमाल, खाली बसून हसला,
"भो, साठ टनाचा काटा हाय हा.
दहा किलोच्या आतलं याले समजत नाही."
भंगारवाल्याकडे तोलली शेवटी.
टॉवेल काढला, दशम्या ठेवल्या.

आता जो तो विचारतो, काय पाहिलं?
चंद्रकला विचारते, पतपेढीतले झोपे अण्णा विचारतात.
राजवाडा पाहिला, मी सांगतो.
खरं म्हणजे भिंत पाहिली.
आतलं तिकीट पाचशे बाथ, दीड रात्रीची खाट.
मी बाहेरून पूर्ण फेरी मारली,
चुन्यासारखी पांढरी भिंत, डोळ्यांत पाणी येईतो,
आणि वरून सोन्याची टोकं डोकावत होती.
टोकं फुकट होती.

खोलीत आठ जण. माझी खाट वरची.
खाली एक उंच पोरगा, कुठल्या देशाचा
दोनदा विचारूनही कळलं नाही.
रात्री तो झोपेत रडला.
सकाळी मी त्याला एक दशमी दिली,
त्यानं ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली,
पत्र ठेवतात तशी.

नदीवरच्या होडीत सोळा बाथमध्ये
या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा.
तापी आठवली असेल ना, अण्णा म्हणाले.
नाही आठवली.
ती नदी कामावर होती.
आमची हतनूरच्या भिंतीला टेकून बसलेली असते.

धक्क्यापाशी एक बाई निखाऱ्यावर केळी भाजत होती,
सोलून, फळीनं दाबून चपटी केलेली.
माझ्या हातून किती हजार टन गेली असतील,
पण केळं विकत घेतलं ते तिथं, पहिल्यांदा,
वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.
वीसच्या नोटेत तीन.
धुरकट, चिकट, मागून जराशी आंबट.
नग सत्तर ग्रॅम, मनातल्या मनात तोललंच.
ती त्यांना क्लुआय म्हणाली.
मी छातीवर हात ठेवून म्हटलं, केळी.
मी केळीच्या गावचा, असं म्हणायचं होतं.
तिला वाटलं अजून हवंय.
एक वर टाकलं, पैसे घेतले नाहीत.

आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
शेवटच्या संध्याकाळी एका उंच पादचारी पुलावर
मी अडीच तास नुसता उभा होतो.
खालून दिवे वाहत होते. कुणी भाऊ म्हटलं नाही,
कुणी पावती मागितली नाही.
मी स्वतःचं नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं.
लीलाधर.
दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाटलं, आणि बरं वाटलं,
आणि लगेच पोटात खड्डा पडला.

परत आल्यावर पहिल्या रात्री
सुभाननं मला काट्यावर उभं केलं.
सत्तर. गेलो तेव्हाही सत्तर.
तो काही बोलला नाही, माझी उरलेली नोट
बल्बखाली धरून बघत बसला.
"हा कोन?"
तिथला राजा.
"केळी खातो का?"
माहीत नाही, मी म्हटलं, भिंत उंच होती.

नोट आता पावत्यांच्या तारेला टोचलेली आहे,
पंख्याच्या वाऱ्यानं मधूनच हलते.

पावणेतीनला फैजपूरकडून हॉर्न वाजला.
सुभान उठला, कंदिलासारखा मोबाईल हलवत
ओरडला ड्रायव्हरला,
"येऊ दे, येऊ दे, अजून जरासं,
पुढचं चाक घे वर."