पंधरा फूट-पौंड

वांडाबाईंचा ट्रक दोन गॅरेजं फिरून आमच्याकडे आला.
पीच स्ट्रीटचा चढ आता चढत नाही, म्हणाल्या,
स्टॅन होता तोवर चढायचा.

दिवा पेटलेला. कोड तोच:
नॉक सेन्सर, व्होल्टेज कमी.
आधीच्यांनी कोड वाचला, सेन्सर बदलला.
पुन्हा वाचला, पुन्हा बदलला.
थर्मामीटर ताप सांगतो,
ताप कशाचा ते नाही.

लेरॉयचा उजवा कान प्रेसशॉपने कधीच खाल्ला.
लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ तो डाव्या कानामागच्या हाडाला टेकवतो,
टोक चालू इंजिनाच्या अंगाला,
आणि डोळे मिटतो.
"एक ठोका नाही," म्हणतो.
"पेट्रोल वेळेवर जळतंय. मग हिला भीती कसली?"

ही म्हणजे ती काळी डबी, ट्रकची अक्कल.
कानावर काहीच येईना झालं
की ती धरूनच चालते, आत ठोके पडत असणार,
आणि ठिणगी मागे ओढते, अजून मागे.
तोंड पोळलेलं नसतानाही
ताक फुंकून पिते.

वांडाबाईंना हे इंग्रजीत सांगितलं, ताक वगळून.
त्या म्हणाल्या, मीही अशीच चालवते,
नोव्हेंबरपासून.

इंजिन बंद केलं. मीटरची टोकं डबीच्या बाजूला लावली.
ब्लॉकवर हातोडीने हलकेच टकटक,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं तशी.
स्क्रीनवरची रेघ हलली नाही.
मग खाली, थेट सेन्सरच्याच पायाशी. टकटक.
रेघ ताडकन उठून बसली.

म्हणजे ऐकणारा ऐकतोय.
निरोप वाटेत हरवतोय.

वाट म्हणजे दीड हात वायर.
बोटांनी चाचपत गेले, इंजिनामागे,
जिथे टॉर्चही वाकून जाते,
तिथे एक घरटं: बॉनेटच्या अस्तराचा कापूस,
चर्चच्या पत्रकाचा कोपरा,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं मूठभर,
आणि तांब्यापर्यंत कुरतडलेली वायर.

वांडाबाईंनी टरफल चिमटीत धरलं.
"स्टॅनच्या पाखरांचं," म्हणाल्या.
"गोणी अजून तशीच आहे. उंदीर कुठाय?"
लेरॉयला दुसऱ्याच कानाने ऐकू आलं असावं,
"बारा वर्षं टिकेल," म्हणाला.

वायर सांधली. सेन्सर सोडून, बूड घासून
पुन्हा बसवला, टॉर्क पान्याने,
कारण जास्त आवळला तर बहिरा होतो,
सैल राहिला तर हलक्या कानाचा,
व्हॉल्व्हची कुजबुजही मनावर घेतो.
पंधरा फूट-पौंड.
पाना हातात कट् म्हणाला, मी थांबले.

बिल दीड तासाचं. खाली लेरॉयने पेन्सिलीने लिहिलं:
गोणी पत्र्याच्या डब्यात ठेवा.

खिडकीतून बघत राहिलो.
चढाच्या पायथ्याशी ट्रक जरा थबकला,
सवयीने.
मग गेला.