बाजू ब

रोडेल सेबूला परत गेला तेव्हा
उशीखालची कॅसेट मला देऊन गेला.
वेष्टन नाही, नाव नाही,
पाठीवर बॉलपेनने काढलेला एक क्रूस,
की नुसतं अधिकचं चिन्ह, कोण जाणे.

सित्राच्या टाक्या खरवडून येतो आम्ही,
नखांत गाळ, घामालाही तेलाचा वास.
व्हॅनच्या काचेपाशी जुलैभर भाजलेली ती फीत
पहिल्या बाजूला नीट गाते.
दुसऱ्या बाजूला गायक म्हातारा होतो,
नंदाखालच्या आमच्या जुन्या फादरसारखा
शब्दाच्या शेवटी धाप टाकतो.

इंग्रजी मला फोरमनपुरतं येतं.
तरी कळतं, हा गुडघे टेकतोय.
कुणाच्या तरी जखमेला ओठ लावतोय.
मेणबत्ती, कोकरू, पाण्याचा झालेला द्राक्षारस
आणि लगेच कुणाचे तरी ओले केस.
मागे ड्रम, इतका कोरडा,
की गुड फ्रायडेला घंटा मुक्या झाल्यावर
आम्ही पोरं लाकडी खटखट्या फिरवायचो, तसा.

खालच्या बंकवरचा मुश्ताक परकार, दाभोळचा,
फजर आटोपून चहात पाव बुडवताना म्हणाला,
"बस्त्याव, हा नमाजच पढतोय रे,
फक्त हातपाय धुतले नाहीत त्यानं."

माझं एका शब्दाशी अडतं.
तो हाक मारतो ती 'यू'
बाई आहे की देव?
इंग्रजीत सगळेच एका उंबऱ्यावर उभे,
फोरमनसुद्धा.
आपल्याकडे देवाला तू, आईला तू,
रेजिनाला तू,
आणि तिच्याकडून मला अकरा वर्षं तुम्ही.

इथे रविवारचा मिसा शुक्रवारी.
मनामाच्या चर्चमधून सुटलो की बूथपाशी रांग,
खिशात एका दिनारचं कार्ड.
"पैसे पोचले. बावखल आटलं.
केळीला लोंगर धरलाय. तुम्ही जेवलात?"
हो म्हणालो, उपाशीपोटी.
तिकडे वेळ चुकलेला आमचा कोंबडा आरवला.
मग दोघंही गप्प.
गप्प बसण्याचेही फिल्स पडतात.
कार्ड संपत आल्याची टिकटिक सुरू झाली
आणि ती म्हणाली,
"तू ये."

रात्री बाजू ब लावली.
आवाज वितळतो तिथे थांबवली,
मागे घेतली, पुन्हा तिथेच.
"झोप की रे," मुश्ताक भिंतीकडे वळला.
एसीच्या घरघरीत तो मागतच राहिला,
कुणाकडे, ते आजही ठरलं नाही.
पेन्सिल घालून सैल फीत आवळली.
चारला व्हॅन येते.