स्टॉक

भोसरीत, शेड नंबर सातमध्ये,
संगणक म्हणतो: बुश, चारशे बारा.
रॅकवर मांजर झोपलंय.

चाकणहून फोनवर फोन: गाडी निघाली का?
मी म्हणतो, निघाली.
माल अजून लेथवर फिरतोय.

फुगेमामांना विचारावं, तर ते डोळे मिटतात.
"मंगळवारच्या नाइटला रिजेक्ट झाले ते.
कंप्रेसरमागे बघा, निळ्या क्रेटमध्ये."
असतात.

सव्वीस वर्षं हीच आमची सिस्टीम:
कानामागे पेन्सिल,
तंबाखूच्या पुडीवर लिहिलेला अख्खा महिना.
नव्या सॉफ्टवेअरचं कोटेशन
दिवाळीपासून ड्रॉवरमध्ये आहे.
महाग वाटत होतं.

काल मामांनी मला हाक मारली,
माझ्या वडिलांच्या नावाने.
वडील जाऊन नऊ वर्षं झाली.

मी ओ दिली.
मग ड्रॉवर उघडला.