अर्धशिशी

जानेवारीत लेथब्रिजला वारा फिरतो.
रात्री उणे बावीस, सकाळी अधिक नऊ.
पन्हळीतून बर्फ खळखळत उतरतं,
लोक कोटाची बटणं सोडून हसतात,
आणि पश्चिमेला, रॉकीच्या माथ्यावर,
ढगाची एकच लांब कमान.
तिच्याखाली ढग औषधालाही नाही.

अशा दिवशी मी दुकान अर्धा तास आधी उघडते.
कमान दिसली की मार्लिस येणार.

मार्लिस ह्रिंचुक. शाळेची पिवळी बस, एकतीस मुलं.
पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली,
आरशात ऑरिन दिसत होता,
मग त्याचा कान होता, तोंड नव्हतं.
तोंडाच्या जागी लुकलुकतं भोक,
भोकाला करवतीचे दाते,
दाते सरकत, पसरत खिडकीपर्यंत.
तिनं बस कडेला घेतली, साखर कारखान्यापाशी,
चारी दिवे लावले, मुलांना म्हणाली,
बघू या, सगळ्यात जास्त वेळ गप्प कोण बसतं.
वीस मिनिटांनी नजर परतली
आणि तिच्या पाठोपाठ, उजव्या भुवईत,
तो.

मी काउंटरवर सांगते तेच सांगितलं:
दाते दिसताना नको, दुखू लागताच घे.
उशीर केलास तर पोट दार लावून घेतं,
गोळी आत पडून राहते, न फोडलेल्या पत्रासारखी.
मान, छाती आवळल्यासारखी वाटेल;
थांबलं नाही तर लगेच फोन.
वडिलांना हृदयविकार होता? मग आधी डॉक्टरांशी बोलते.
आणि महिन्यात नऊ दिवसांच्या वर नाही,
पुढे औषधच डोकं उठवतं.

"म्हणजे आग विझवायला बोलावलेला
घरातच राहायला लागतो," ती म्हणाली.
हो. आणि भाडंही देत नाही.

विमा महिन्याला सहाच गोळ्या देतो.
दुखण्याचे दिवस पंधरा.
म्हणून अर्धशिशी म्हटलं
की लोकांना अर्धं डोकं आठवतं,
मला अर्धी शिशी.

मग रोखून धरणारी औषधं, रोजची.
पहिल्यानं हात गार पडले,
रात्री स्वप्नात घोडे, जिना चढताना दम.
दुसऱ्यानं बोटांत मुंग्या, सोड्याची चव गेली,
आणि शब्द निसटले.
थांब्यांची नावं आठवेनात.
"ते... लाल दाराचं," असं म्हणून ती ब्रेक लावायची.
ऑरिन मागच्या सीटवरून नाव पुरवायचा,
न हसता.
हे तिनं मला सांगितलं आणि रडली,
शब्दासाठी नाही, त्याच्या न हसण्यासाठी.

माझ्या आईलाही होता तो.
टेबरजवळ बीटचं शेत, एकोणीसशे एकसष्ट.
ओल्या टॉवेलनं डोकं आवळून
ती बटाट्याच्या तळघरात पडून राहायची.
डॉक्टर म्हणाले, मिसेस निशिमुरा, मन शांत ठेवा.
वडील काहीच म्हणाले नाहीत, तेही तसंच.
मी पायरीवर बसून आतला श्वास मोजायचे.
मोजणं मी तिथं शिकले.

तिसऱ्या नकारानंतर इंजेक्शन मंजूर झालं.
महिन्यातून एक, मांडीत.
फ्रिजमध्ये ठेव, गोठवू नकोस,
टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढ.
सगळ्यांना मात्रा लागू पडतेच असं नाही, मी म्हटलं.
माहीत आहे, ती म्हणाली,
आणि डबा लोणच्याच्या बरणीमागे ठेवला
म्हणून फोटो पाठवला.

काल कमान होती.
ती आली, उशिरा, काळा चष्मा लावून,
मुलांसाठी पेपरमिंट घ्यायला.
"सहा दिवस," म्हणाली. "पंधराचे सहा."
सहा दिवस म्हणजे सहा दिवस,
अंधाऱ्या खोलीतले, बादलीजवळचे.
ते ती विसरली नव्हती, मीही नाही.
खिशातून शिशी काढून तिनं दाखवली,
महिना संपत आला तरी तीन उरलेल्या,
कौतुकानं एकदा खुळखुळवली,
आणि त्या आवाजानंच डोळे मिटून
काउंटरला धरून उभी राहिली.