करडा रकाना

अक्रा शहर, अदाब्राका, तिसरा मजला.
खिडकीखाली जनरेटर खोकतोय
आणि माझ्या पडद्यावर
अख्खा देश तीन रंगांत वाहतोय:
हिरवा म्हणजे खूश, तांबडा म्हणजे संतापलेला,
करडा म्हणजे ज्याला पर्वा नाही.

काम तसं जुनंच. शितावरून भाताची परीक्षा.
फरक एवढाच, की शितं रोज चार लाख
आणि भात कुणाच्या चुलीवर आहे
ते मला दिसत नाही.

सोमवारी रात्री अर्ध्या शहराची वीज गेली.
उरल्यासुरल्या बॅटरीवर लोकांनी
सत्ताधाऱ्यांच्या पानावर लिहिलं, 'आयेकू!'
आयेकू म्हणजे शाब्बास,
शेतावरून परतलेल्याला म्हणतात,
जाळं ओढून हात सोलवटलेल्याला म्हणतात.
यंत्राने मोजले नऊ हजार शाब्बास.
मंगळवारी सकाळी आलेख
नारळाच्या झाडागत सरळ वर, हिरवागार.
पक्षकचेरीतून एबो क्वान्सांचा फोन:
"बघितलंत? अंधारातही लोक आपल्यासोबत!"
म्हटलं, "साहेब, तो टोमणा आहे."
म्हणाले, "टोमणा किती टक्के?"

तेव्हापासून मी यंत्राला टोमणे शिकवते.
हे हसू खरं, हे नुसते दात.
'देव तुमचं भलं करो' दिसलं की दोनदा तपास.
शिकतंय बिचारं.
मोठ्यांच्या बैठकीत बसलेल्या पोरासारखं
सगळे हसले की हसतं, जरा उशिरा.

पण ना देदेई लँप्टीचं काय करू?
चोर्कोरला बर्फातली मासळी विकते.
तिच्या फोटोत ती नाहीच, एक फ्रीझर आहे,
वर पालथं घातलेलं लाल घमेलं.
सत्ताधाऱ्यांनी काहीही टाकावं, फीत कापताना, बाळ उचलताना,
विरोधकांनी काहीही टाकावं, छाती बडवताना,
खाली तिची एकच ओळ:
"आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर कधी बदलणार?"
एकेचाळीस दिवस. दोन्ही दारांत.
शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही.
यंत्र म्हणालं, पुनरावृत्ती, हा माणूस नसावा,
आणि तांदळातला खडा काढावा
तशी ती काढून टाकली.

बेचाळिसाव्या दिवशी ओळ आली नाही.
पडद्यावर काहीच हललं नाही.
न आलेल्या ओळीला कुठला रंग देतात?
ट्रान्सफॉर्मर आला असेल.
फोन बिघडला असेल.
मासळी सडली असेल, घमेलं उचलून ती
बहिणीकडे केप कोस्टला गेली असेल.
किंवा नुसती कंटाळली असेल.
आणि कंटाळा तर मी गेली सहा वर्षं
करड्यात टाकत आले आहे.

शुक्रवारचा अहवाल: वातावरण अनुकूल, दोन टक्क्यांनी.
चौदाव्या पानाच्या तळाशी
तिची ओळ मी जशीच्या तशी उतरवली.
क्वान्सांचा निरोप आला:
"चौदाव्या पानावर छपाईची चूक दिसते.
हा प्रश्न नक्की कुणाला आहे?"

उत्तर लिहायला घेतलं
तोच वीज गेली.
खाली जनरेटर दोनदा खोकला, गप्प झाला.
अंधारात उजळला तेवढा माझा फोन,
त्यावर पक्षाचं पान, त्याखाली रिकामी चौकट,
आणि अंगठ्याने आपसूक
पहिलं अक्षर काढलं:
आ