चेसी नंबर

लोटन बडगुजर म्हणाला, एक हातनी गाडी शे भाऊ,
खोटं बोलस का मी?
आणि सीटवर दोनदा थाप मारली,
बैल विकताना मारतात तशी.

चोपड्याच्या स्टँडमागे, रमजान तडवीच्या गॅरेजात,
मीटर सांगत होतं एकोणतीस हजार.
सीटच्या कडेला मात्र केळीच्या चिकाचे काळे डाग,
एकावर एक, किती हंगामांचे कोण जाणे.
रमजानभाईने नखाने खरवडून पाहिले.
मीटर मागे फिरवता येतं, म्हणाला,
चीक नाही.

मग त्याने हँडल एका अंगाला वळवलं,
मानेवरचं वंगण पेट्रोलच्या बोळ्याने पुसलं,
माझ्या टपालवहीतलं एक पान त्यावर दाबून
पेन्सिल तिरकी घासू लागला,
शाळेत आपण कागदाखाली रुपया ठेवायचो, तसं.
एकेक अक्षर वर आलं.
एक आकडा तीन की आठ, ठरेना.
पान उजेडाला धरून तो म्हणाला, आठ.
आरसी बुकातही आठ.
तेव्हा कुठे लोटनने तंबाखू मळायला घेतली.

मी मोबाइलवर नंबर टाकला.
एमएच एकोणीस. नोंदणी चालू,
पंधरा वर्षांतले सतरा महिने शिल्लक.
पीयूसी गेल्याच्या गेल्या दिवाळीत संपलेलं,
विमा त्याच्याही आधी.
मालकाचं नाव फुल्यांनी झाकलेलं,
फुल्यांतून लो आणि ब तेवढे डोकावत होते.
आणि खाली, कर्जाच्या रकान्यात,
त्या पतपेढीचं नाव.

ते नाव मला पाठ आहे.
आमच्या घरी ते लोखंडी कपाटात असतं,
ठेवपावतीवर, निळ्या शिक्क्यात.
बाबा जिनिंगमध्ये कापूस मापायचे,
दामदुप्पट म्हणून ठेवले होते.
शटरला कुलूप लागलं त्याला दहा वर्षं झाली.
म्हणजे या गाडीचं एखादं चाक,
चाक नाही तर आरसा तरी,
आमच्या पैशाचा.

लोटनने डिकीतून दुधाची पिशवी काढली.
छत्तीस पावत्या, टाचणी गंजलेली.
एक हप्ता चुकना नही भाऊ मना.
मी मोजल्या. छत्तीसच होत्या.
त्याने सगळं फेडलं, आम्हाला काही मिळालं नाही,
मधे जो कोण होता
त्याला मोबाइलवर रकाना नाही.

बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही.
बोजा उतरवायला ना-हरकत दाखला लागतो,
दाखला द्यायला पतपेढी नाही,
आहे तो अवसायक, जळगावला, तिसऱ्या मजल्यावर,
फक्त मंगळवारी.
त्या जिन्यावर बाबांनी किती मंगळवार काढले
ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.

मी म्हटलं, आधी कागद, मग पैसे.
मंग चाल ना संगे, लोटन म्हणाला.

विमा नाही, म्हणून गाडी गॅरेजातच राहिली.
मंगळवारी सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो,
दोन तिकिटं त्यानेच काढली.
त्याच्या मांडीवर दुधाची पिशवी,
माझ्या मांडीवर वही, वहीत ठेवपावती,
पेन्सिलीने काळ्या केलेल्या पानाला चिकटून.
धरणगाव येईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग तो हळूच म्हणाला,
आठच शे ना तो?